हवा सांगणारी दाढ

संगप्पा माझ्याशी धडधडीत खोटं बोलले, असं मी आठ दिवस धरून चालले होते. नांदेडला घरी आल्यावर आईपाशी चिडचिडही केली की या लोकांना घसा कोरडा करून सांगा, समोर मान डोलावतील आणि दाराबाहेर पडले की आपलं तेच खरं करतील. माझा राग चुकीच्या माणसावर होता. ते कळायला मला लातूरच्या आडत बाजारात पोत्यांच्या थप्प्यांमध्ये जाऊन उभं राहावं लागलं.

मी दातांची डॉक्टर, पण कवळ्या बसवणाऱ्यांतली नाही. दात ज्यात उभा असतो ते हाड आणि त्याला कवेत घेणारी हिरडी, एवढंच माझं राज्य. दर गुरुवारी सकाळच्या बसनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाते. औसा रोडवरच्या एका दवाखान्यात इम्प्लांटची, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर दात चढवायची कामं त्या दिवसासाठी राखून ठेवलेली असतात. एप्रिलमधल्या एका गुरुवारी संगप्पा तिथं आले. छप्पन वर्षांचे, कपाळावर विभूतीचे पट्टे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोबत बायको. खालची उजवीकडची मोठी दाढ जानेवारीत तुरीतल्या खड्यानं उभी चिरली होती आणि काढावी लागली होती. एरवी बत्तीशी अशी की मी दोनदा पाहून घेतली.

मोठ्या एक्स-रेसाठी गळ्यातलं काढून ठेवा म्हटलं, तर माणूस ताडकन खुर्चीतून उठला. "हे निघत न्हाई म्याडम. मी गेल्यावर माझ्यासंगंच जाणार हाय." गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. मग आम्ही तोंडात धरायची छोटी फिल्म घेऊन काम भागवलं. हाड उत्तम होतं. मी त्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवला, त्याच्या डोक्यावर हिरडीतून जेमतेम वर दिसणारी छोटी टोपी लावली आणि तीन महिन्यांनी यावर दाढ चढवू म्हणून सांगितलं.

सगळ्यांना सांगते तेच त्यांनाही समजावून सांगितलं. स्क्रू आज घट्ट वाटतोय तो भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा, नुसता आवळून बसलाय. पुढच्या काही आठवड्यांत त्याच्या भोवतीचं जुनं हाड थोडं विरघळतं आणि नवीन हाड येऊन धातूला चिकटतं. जुनं सुटलंय आणि नवं अजून कच्चं आहे, असा मधला काळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचा. तेव्हा दुखत काहीच नाही, म्हणून पेशंटला वाटतं झालं काम. नेमकं तेव्हाच स्क्रू केसभर जरी हलत राहिला तरी हाड यायचं थांबतं आणि त्या जागी नुसतं मांस भरतं.

"त्या बाजूनं काहीही चावायचं नाही, काका."

"हाव. न्हाई चावत."

"मी बघते की म्याडम," त्यांची बायको म्हणाली. "भाकर दुधात कुस्करून देते. दाणकूटसुदिक बारीक वाटून."

पाचव्या आठवड्यात ते आले तेव्हा टोपीभोवतीची हिरडी लाल झाली होती, बोथट सळई लावताच रक्त आलं. मी आरशाची दांडी टोपीवर हलकेच आपटली. हाडानं धरलेला स्क्रू काचेच्या पेल्यासारखा खणकन वाजतो. हा बद्द वाजला. बोटानं रेटलं तर हलला. नर्स विशाखा माझ्याकडे बघेना.

"चावलंत ना?"

"न्हाई म्याडम."

"काका, खरं सांगा."

"आईच्यान. एक घास न्हाई चावलो त्या बाजूनं." बायकोनंही हात जोडून तेच सांगितलं.

दोन फेऱ्यांत स्क्रू निघून आला. त्याच्या आट्यांभोवती हाडाचा कणही नव्हता, लिबलिबीत पातळ पडदा होता. मी तो ट्रेमध्ये टाकला तो जरा आपटलाच. संगप्पांचा चेहरा उतरला होता. ते एवढंच विचारत राहिले, "सोयाबीनच्या आधी दाढ बसंल ना? दसऱ्याच्या आधी?" मी म्हणाले, पुन्हा असंच वागलात तर दहा दसरे गेले तरी बसणार नाही. आता हे आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

पुढच्या गुरुवारी विशाखा म्हणाली, "म्याडम, संगप्पा मामांच्या दातावरच बाजार चालतो, तुमाला ठाऊक न्हाई? एक डाव जाऊन तरी बघा." ती संगप्पांच्याच गल्लीतली. जूनचा पहिला आठवडा होता, सकाळचे दोन पेशंट आले नव्हते, म्हणून मी रिक्षा केली आणि गेले.

लातूरच्या बाजारात माल विकायला आणला की त्यातला मूठभर नमुना फडक्यात बांधून सौद्याला फिरवतात. त्याला पोटली म्हणतात. खरेदीदार पोटली सोडतात, दाणे तळहातावर पसरतात, डाग बघतात, माती बघतात आणि शेवटी ओल बघतात. ओलीला इथं हवा म्हणतात. हवा जास्त म्हणजे भाव कमी. हल्ली हवा सांगायला प्रत्येक गाळ्यात मशीन आहे, पण या गाळ्यातलं मशीन अकरा टक्के म्हणतं आणि समोरच्या गाळ्यातलं तेरा, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. असं अडलं की दोन्ही बाजूंनी एकच हाक येते, संगप्पाला बोलवा. ते मल्लिकार्जुनशेठांच्या आडतीवर तीस वर्षं आहेत. पण त्यांचा दात कुणा एकाचा नाही, असं मानायची रीत पडलीय. संगप्पा दाणा दाढेखाली धरतात, हळूच फोडतात, थुंकतात आणि आकडा सांगतात. मग शेतकरीही बोलत नाही आणि खरेदीदारही नाही.

मी गेले तेव्हा असाच एक सौदा अडला होता. हरभरा होता, कुणीतरी म्हणत होतं की वजन वाढवायला पाणी शिंपडून आणलाय. संगप्पा पुढं झाले. दाणा उजवीकडे गेला, थबकला, मग जिभेनं त्यांनी तो डावीकडे सरकवला. फोडला. डोळे मिटले. दुसरा दाणा घेतला, मग तिसरा. पंधरा-वीस माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती. "धा," ते म्हणाले, आणि अडलेला सौदा मार्गी लागला. लोक पांगले तशी मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"काका, हे काय? दाणे चावता तुम्ही? दिवसभर?"

"चावत न्हाई म्याडम," ते अगदी निर्मळपणे म्हणाले. "हवा बघतो. दाताखाली धरून फोडायचा अन् थुकायचा. पोटात काई जात न्हाई."

मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. या माणसानं पाच आठवडे भाकरी दुधात कालवून खाल्ली होती आणि शेवटी शेवटी रोज चाळीस-पन्नास पोटल्यांचे दाणे माझ्या कच्च्या स्क्रूवर फोडले होते. पहिले तीन आठवडे त्यांनी डावीकडून भागवलं. चौथ्यात दुखायचं थांबलं, तसा हात आपोआप उजवीकडे वळला. खाणं वेगळं आणि हवा बघणं वेगळं, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं की त्यांनी आईची शपथ घेतली ती खरीच होती. मी मात्र कधी विचारलंच नव्हतं की तुम्ही काय काम करता.

त्यांनी मला गाळ्यात बसवलं, चहा मागवला आणि माझ्या तळहातावर सोयाबीनचे चार दाणे ठेवले. वाळलेला दाणा कसा कट्‍कन तुटतो, बाराच्या पुढं गेला की कसा आधी दबतो मग तुटतो, चौदाला कसा चेपतो, हे सगळं माझ्याकडून करवून घेतलं. मला बारा आणि चौदा सारखेच लागले. "ह्ये डावीकडं मलाबी असंच हाय," ते आवाज खाली आणून म्हणाले. "तिकडच्या दाढा कवा वापरल्याच न्हाईत ना. निम्मं कळतंय, निम्मं अंदाजानं सांगून राहिलो. तीस वर्षांत अंदाजानं आकडा सांगितला न्हाई म्याडम. सोयाबीन सुरू व्हायच्या आत मला उजवीकडची पायजे. तेवढं करा."

आणि तिथंच मी चहाचा कप न पिता खाली ठेवला.

खरा दात हाडाला चिकटलेला नसतो. त्याचं मूळ आणि हाड यांच्या मध्ये बारीक धाग्यांची एक गादी असते, कागदाएवढी पातळ. त्या धाग्यांवर दात तरंगत असतो म्हणा ना. भातात केस आला तरी आपल्याला दाताखाली कळतो, तो या गादीमुळे. संगप्पांची सगळी विद्या त्या गादीत होती. इम्प्लांटला ती नसते. हाड थेट धातूला येऊन भिडतं, आणि जेवढं ते छान भिडेल तेवढं आमचं काम यशस्वी. हिरडीसुद्धा खऱ्या दाताच्या मुळात धागे रोवून बसते, इम्प्लांटला नुसती लपेटून असते. भाकरी, हाडूक, ऊस, सगळं त्यानं चावता येतं. जोरानं दाबलं तर दूरवर काहीतरी जाणवतंही. पण बारा आणि चौदा?

दुसरा रस्ता होता. शेजारच्या दोन खऱ्या दातांना कानस लावून त्यांच्यावर तीन दातांचा पूल चढवता आला असता. त्या दातांची गादी जिवंत होती, दाण्याचा दाब तिच्यापर्यंत पोचला असता. निदान शक्यता होती. पण ते दात मोत्यासारखे निरोगी होते, आणि असे दात घासायला माझा हात धजत नाही. हे मी स्वतःला दिलेलं कारण. खरं कारण असं की माझा एक स्क्रू फसला होता, विशाखासमोर फसला होता, आणि त्याच जागी दुसरा बसवून मला तो खणकन वाजवून दाखवायचा होता. मी संगप्पांना म्हणाले, "बसवू. सुरुवातीला थोडं वेगळं वाटेल." एवढंच म्हणाले.

जुनी जखम भरल्यावर, जुलैच्या शेवटी, दुसरा स्क्रू बसवला. यावेळी मी हवा हा शब्द मुद्दाम उच्चारून सांगितलं, की उजवीकडून हवाही बघायची नाही. त्यांनी उजव्या गालात कापसाची गुंडाळी धरायला सुरुवात केली, म्हणजे विसरून दाणा गेलाच तर कापूस आडवा येईल. सौद्याला ते शक्यतो जाईनात. शेठांना सांगून थप्प्या मोजायला उभे राहू लागले. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आठवड्यात मी दर गुरुवारी त्यांना बोलावलं. ते खुर्चीत बसत, दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळून धरत, आणि मी दांडी उचलली की श्वास रोखत. मीही रोखत होते. आवाज बद्द नव्हता, पण खणखणीतही नव्हता. हिरडीतून रक्त येत नव्हतं, एवढ्यावर आम्ही पुढचा गुरुवार गाठायचो. बायको बाहेर बाकावर जप करत बसलेली असायची.

दसरा केव्हाच होऊन गेला होता; ऑक्टोबर संपता संपता स्क्रू खणकन वाजला. फिल्मवर हाड स्क्रूच्या पार वरच्या आटीपर्यंत चढलेलं दिसत होतं, मध्ये काळी रेघसुद्धा नाही. हिरडी फिकट गुलाबी, घट्ट. मी विशाखाला हाक मारून दाखवलं. दाढ चढवली, उंची जुळवली, आरसा त्यांच्या हातात दिला. ते आरशात बघत बसले नाहीत. खिशातून त्यांनी सोयाबीनचा एक दाणा काढला.

फोडला. मग आणखी एक. कपाळावरचे विभूतीचे पट्टे आक्रसले.

"दुखलं का?"

"न्हाई." तुकडे तळहातावर थुंकून ते म्हणाले, "कायच न्हाई झालं. दाणा कवा तुटला त्येबी कानानं कळलं."

मी म्हणाले, सवय व्हायला वेळ लागतो, काही लोकांना महिन्या-दोन महिन्यांनी कळायला लागतं. यातलं निम्मं खरं होतं.

पंधरा दिवसांनी राहवेना, म्हणून मी बाजारात गेले. सोयाबीनचा भर होता, गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली. मल्लिकार्जुनशेठांच्या गाळ्यात संगप्पा भिंतीला टेकून बसले होते आणि शेठ त्यांना समजावत होते. मला बघूनही ते थांबले नाहीत.

"अरे, कळत न्हाई तर न्हाई. दाणा तोंडात टाक, डोळे मीट अन् दोन मशीनच्या मधला आकडा सांग. लोकांचा तुझ्यावर इस्वास हाय, दाढंवर न्हाई. तू न्हाई म्हणलास तर ऐन मोसमात रोज भांडणं व्हतील, माल पडून राहील. कुणाचं भलं हाय त्यात?"

शेठ वाईट बोलत होते असं मला वाटलं नाही. संगप्पा काही बोलण्याआधीच बाहेरून हाक आली.

जळकोटच्या बाजूची लक्ष्मम्मा नावाची बाई माल घेऊन आली होती. चाळिशीची, डोक्यावर रुमाल बांधलेला, हातात पोटली घट्ट धरलेली. खरेदीदाराचं मशीन चौदा म्हणत होतं, शेठांचं साडेअकरा. ती दोन्हींकडे बघत नव्हती. "माझ्या बापाचा माल अण्णाच बघायचे," ती संगप्पांकडे हात करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "अण्णा म्हणतील ती हवा मला कबूल. चौदा म्हणाले तरी कबूल."

संगप्पांनी तिच्या हातून दाणा घेतला. उजवीकडे धरला. मी तिथं चार हातांवर उभी होते. तुटल्याचा आवाज मलाही ऐकू आला. त्यांनी डोळे मिटले ते मिटलेच. दुसरा दाणा घेतला, डावीकडे फोडला. शेठ गाळ्याच्या पायरीवर येऊन उभे राहिले होते आणि बोटानं खूण करत होते, सांग. खरेदीदार घड्याळ बघत होता. संगप्पांचे ओठ एकदा हलले. मला वाटलं, आकडा येतोय. आणि मला लाज वाटते सांगायला, पण तो यावा असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

"मला कळंना," ते म्हणाले.

कुणीतरी हसलं. शेठ म्हणाले, "पुन्यांदा बघ की."

"चार डाव बघितलं तरी तेच हाय. दाढ आली, पर तिला काई कळत न्हाई. आकडा माझ्याकडं न्हाई, लक्ष्मम्मा."

"मंग मी हितवर कशाला आले अण्णा?" ती म्हणाली. "मशीन तर उदगीरलाबी व्हतं."

तिचा माल चौदाला धरला गेला. तिनं पोटलीचं फडकं झटकलं, घडी करून कमरेला खोचलं आणि ती गाडीकडे निघून गेली. संगप्पा तिथंच उभे होते. मी त्यांच्याशी बोलायला पुढं झाले नाही.

पुढच्या गुरुवारी ते तपासणीला आले. एकटेच. हिरडी छान होती, सळई फिरवली तरी रक्ताचा टिपूस नाही. फिल्मवर हाड होतं तसं भक्कम. मी म्हणाले, सगळं उत्तम आहे.

"तुमच्या कामात खोट न्हाई म्याडम." तोंड पुसून ते म्हणाले, "पर हे काढता येतं का?"

"काढून काय करणार काका? जुनी दाढ थोडीच परत येणार आहे?"

"ते मलाबी कळतंय. पर लोकं येतात. नवी दाढ बसली, आता मामा सांगतील, म्हणून लांबलांबनं येतात. रोज दहा जणांना न्हाई म्हणावं लागतंय. जागा रिकामी असली म्हंजे तोंड उघडून दाखवीन, दाढच न्हाई म्हणून. मंग कुणी इचारणार न्हाई."

त्यांनी हे गाऱ्हाणं म्हणून सांगितलं नाही. खरोखर काढायला आले होते ते. दुखत असेल तर माणूस जसा काढायला येतो तसे.

"आता निघत नाही ते," मी म्हणाले. "हाडानं धरलंय. काढायचं तर भोवतीचं हाड कापावं लागेल, आणि ते मी करणार नाही." मग तिथंच थांबता आलं असतं, पण राहवलं नाही. "काका, या दाढेला हवा कळणार नाही, हे मला आधीच माहीत होतं. जूनमध्येच."

ते पाय खाली सोडून खुर्चीच्या कडेला बसले आणि चपला शोधू लागले.

"जूनमधी," ते म्हणाले. "मी तुमच्या हातावर दाणे ठिवले, तवा?"

"हो. तेव्हाच."

"मी तर तुमाला सगळं दाखवलं व्हतं म्याडम," संगप्पा म्हणाले.